परसातली ज्वारी

अमरावतीला आम्ही आलो ते सगळ्या मुलखाच्या उलट्या दिशेने. समोरून कापसाने लादलेल्या गाड्यांची रांग येत होती, मुंबईच्या वाटेला लागलेली. तिला वाट देत, धूळ खात जाणारी आमची एकच गाडी. तिच्यात एक पेटारा, एक वळकटी, स्वयंपाकाची चार भांडी, यांची पुस्तकं आणि मी. रेल्वे अजून वऱ्हाडात शिरली नव्हती. दूर समुद्रापलीकडे लढाई जुंपली आहे, म्हणून विलायतेला आता आपल्या इकडचा कापूस हवा आहे, असं यांनी मला वाटेत समजावून सांगितलं. शाळामास्तरच ते, गाडीत मी एकटी असले तरी वर्ग घेणारच. मला त्या लढाईचं काही सोयरसुतक नव्हतं. मला तिसरा महिना होता, आणि बाळापूरच्या नदीच्या उतारावर गाडी खाली-वर झाली तेव्हा मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते.

याआधीची दोन मुलं पुण्याला असतानाच दगावली होती. पहिली मुलगी बारशाआधीच गेली. दुसरा मुलगा बसायला लागला होता, तोंडाने बुडबुडे काढायचा. दोन दिवसांच्या तापात गेला. सासरच्या माणसांनी मला कधी उघड बोल लावला नाही, पण घरात कुणाचं बाळ आलं की माझ्या मांडीवर द्यायचे टाळत. यांना अमरावतीच्या सरकारी शाळेत जागा मिळाली तेव्हा मी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. मला त्या घरातून निघायचं होतं. आई माझी लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता.

अकोल्याची धर्मशाळा कापसाने भरलेली. अमरावतीत तर माणसांसाठी कुणी खोली ठेवलीच नव्हती. ज्या दारात विचारावं तिथे आत कापसाच्या गंज्या दिसायच्या. मास्तराला खोली देऊन घरमालकाला असं काय मिळणार होतं? कापूस भाडं मागत नाही, सोवळंओवळं करत नाही, आणि चार महिन्यांत चांदी होऊन परत येतो. दुपार टळेपर्यंत आम्ही हिंडलो. शेवटी एका धाब्याच्या मातीच्या घरापुढे यांनी घरमालक पाटलांशी बोलणं काढलं. पाटलांनी मान हलवली, जागा नाही. तेवढ्यात त्यांची बायको आतून आली. उंच, काळी, हाडापेराने दणकट, साठीच्या आतबाहेरची. तिने यांच्याकडे पाहिलंच नाही. गाडीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "कापूस बाहीर राहीन. बाई कशी बाहीर राहीन?"

ओसरीला लागून असलेल्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. कापूस अंगणात ताडपत्रीखाली गेला आणि आम्ही आत. पाटील महिनाभर तरी मी चोर असल्यासारखं माझ्याकडे बघत होते.

गाव माझ्या अंगवळणी पडायला वेळ लागला. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला ते अजिबात आवडलं नाही. कापूस सगळीकडे. भातात कापूस, निरांजनात कापूस, सोवळ्याच्या लुगड्याला कापूस, झोपून उठलं की पापण्यांना कापूस. विहिरीचं पाणी मचूळ, तेही उन्हाळ्यात तळाला गेलेलं. तांदूळ महाग आणि जुनाट, म्हणून भाकरी; आणि माझी भाकरी तव्यावर पडायच्या आत तुटायची. ऊन असं की दुपारी चिमणीसुद्धा बोलायची नाही. आणि लोकांचं बोलणं! पुण्याला आपण जे तीन घरं फिरून सांगतो ते इथे तोंडावर मारतात. बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी आपली सुरुवातीला मनातल्या मनात हसून घ्यायची. हसायला दुसरं काही नव्हतं.

शाळेचं गाव म्हणून अमरावतीची ओळख तेव्हा नुकती होऊ लागली होती. चांदूर बाजार, अकोट अशा गावांहून पोरं शिकायला येत, कुणाच्या ओसरीवर राहत, वार लावून जेवत. आमच्यासारखीच नवखी. पण वेचणी लागली की वर्ग अर्धा ओस पडायचा. हे संध्याकाळी येऊन पगडी खुंटीला लावत आणि म्हणत, "आज भूगोल भिंतींना शिकवला." मग मीच एक दिवस म्हटलं, भिंतींना शिकवता तर मलाही शिकवा. तिथून माझं लिहिणं-वाचणं सुरू झालं. आज हे लिहिते आहे ते त्या ओस वर्गांमुळे.

पाटलीणबाईंशी माझं पहिलं खरं बोलणं विहिरीवर झालं. मी माझी घागर त्यांच्या घागरीपासून लांब ठेवून उभी होते. त्यांनी ते पाहिलं, आपली घागर आणखी दोन हात मागे घेतली, आणि सरळ विचारलं, "कितवं हे?"

"तिसरं."

"पयले दोन कोठी हायेत?"

 दोर हातात तसाच राहिला. त्यांनी काही सांत्वन केलं नाही, हाय हाय केलं नाही. माझ्या हातातला दोर घ्यायला त्यांचा हात पुढे आला, मग सोवळ्याची आठवण होऊन मागे गेला. "वर वढा लवकर. उन्हात उभं राहाचं नाही," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांना घाबरायचं सोडलं.

सातव्या महिन्यात त्या आमच्या दारात येऊन बसल्या. उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीसारख्या. हे शाळेत गेले होते. त्या इकडचंतिकडचं काही बोलल्या नाहीत. या भागात ज्या बाईची पोरं जगत नाहीत ती आपलं पोर जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवते, म्हणाल्या. जिची सगळी लेकरं जगली आहेत अशी दुसरी बाई येऊन ते उचलते. मग ते पोर तिचं. मरण शोधत आलं तर त्याला त्या आईच्या घरी ते सापडत नाही. पुढे धोका टळला की पहिली आई सूपभर ज्वारी देऊन पोर विकत घेते. तोवर तिने त्याला माझं म्हणायचं नाही. दूध पाजायचं, न्हाऊ घालायचं, सगळं करायचं. माझं म्हणायचं नाही.

"माये चारी जगले," पाटलीणबाई म्हणाल्या. त्यांचे चारही मुलगे शेतांवर असत, मोठ्याला नातवंडं व्हायची वेळ आली होती. "मी उचलतो. मास्तरले इचारा."

मी यांना विचारलं. हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "आपण इथे अंधार घालवायला आलो आहोत आणि तू मला उकिरड्यावर नेतेस?" म्हणाले.  पण माझ्या मनात ठरलं होतं. पुण्याच्या दोन्ही पोरांना वैद्य आले होते, मात्रा उगाळल्या होत्या, दृष्टी काढल्या होत्या, आणि मी त्यांना छातीशी धरून दिवसभर माझं माझं म्हणत बसले होते. त्याचा काय उपयोग झाला? आता कुणी मला आगीतून चाल म्हटलं असतं तरी मी चालले असते. उकिरडा तो काय.

भाद्रपदात, दिवसाउजेडी, हे शाळेत असताना मुलगा झाला. सुईण पाटलीणबाईंचीच. मला उठवेना, म्हणून माझ्या वतीने पाटलीणबाईंनीच पोर फडक्यात गुंडाळलं, सुपात घातलं आणि परसातल्या उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. मला दारातून दिसत होतं. तेवढे चार श्वास मी आयुष्यात विसरणार नाही. पावसाने भिजलेलं शेण, राख, केळीची सालं, आणि त्यावर माझं पोर एकटं, रडणारं. पाटलीणबाई अंगणाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आल्या, जशा काही वाटेने चालल्या होत्या. थांबल्या. मोठ्याने म्हणाल्या, "अवो, हे पाहा! कोनाचं लेकरू हे? कोनाचंच नाही? मंग मी नेतो." उचललं, पदरात घेतलं, आणि आत येऊन माझ्या कुशीत ठेवलं. "माया पोराले दूध पाज वो मास्तरीण. लय भुकेलं हाय."

मला त्यांनी पहिल्यांदा एकेरी हाक मारली ती तेव्हा.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगून टाकलं, लपवण्यात अर्थ नव्हता. हे खांबाला टेकले. मग म्हणाले, "पोराला नीट आंघोळ घातली ना?" आणि बाहेर जाऊन बसले. रागावले होते की हसू दाबत होते, ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा दोन्ही.

पोर जगलं. पहिल्या मुलीचा दिवस उलटला, दुसऱ्याचे महिने उलटले. तो बसला, रांगला, उंबरा ओलांडून पाटलीणबाईंच्या घरात गेला. मी काही म्हटलं नाही. मुंज होईपर्यंत पोराला कसलं सोवळं, आणि ते पोर त्यांचंच तर होतं. ओसरीवर कुणी विचारलं, गोरं पोर कुणाचं, तर मी म्हणायची, पाटलीणबाईंचं. तसं म्हणताना जिभेला चटका बसायचा. वर्षभर म्हणूनही तो गेला नाही. मुलगा बोलायला लागला तेव्हा मला आई म्हणायचा, इथे आईला माय म्हणतात म्हणून त्यांना माय. आणि त्या बाईचं एक होतं. त्याने हाक मारली की त्या असतील तिथून ओ द्यायच्या. गोठ्यातून, विहिरीवरून, कापसाच्या गंजीमागून. "आलो रे राजा, आलो!" हातात शेण असो की पीठ. पाटील बोलत असले तर त्यांचं बोलणं तोडून. त्या दिवसांतली अशी एकही हाक माझ्या आठवणीत नाही जिला ओ मिळाली नाही.

आता चूक कशी झाली ते सांगते. मुलगा चालायला लागला तेव्हा यांना वाटलं, झालं, धोका टळला, आता हे प्रकरण मिटवावं. बायकोने पोराला दुसऱ्याचं म्हणत बसावं हे त्यांना आवडत नव्हतं, आणि मला त्याचा त्रास होतो हेही त्यांना दिसत होतं. एवढं ते मनाने चांगले. त्या दिवसांत ज्वारी मिळणं सोपं नव्हतं. सगळ्यांनी शेतं कापसाखाली घातलेली, दाणा बाहेरून यायचा आणि सोन्याच्या भावाने विकायचा. यांनी तरी बाजारातून एक सूप नव्हे, चांगलं पोतं आणलं. हमालाच्या पाठीवरून ओसरीवर उतरवलं आणि पाटलीणबाईंना म्हणाले, "घ्या. सुपाऐवजी पोतं. आता पोर आमचं."

पाटलीणबाई पोत्याकडे बघत राहिल्या. मग यांच्याकडे. मोठ्या माणसाने काही भलतंच केलं की लहान पोरं बघतात तसं.

"ही कोठची?"

"बाजारातली. चांगली टपोरी आहे."

"बजारातली कायले, मास्तर? बजारात लेकरं भेटतात काय?"

हे गोंधळले. तेव्हा त्यांनी सांगितलं, जे कुणीच आम्हाला आधी सांगितलं नव्हतं, कारण इथे ते सांगायची वेळच येत नसे. ज्वारी आपल्या हाताची लागते. आपण पेरलेली, आपण राखलेली, आपण कापलेली. विकतची चालत नाही, मागितलेली चालत नाही. प्रत्येकाला वावर, म्हणजे शेत, असतंच, प्रत्येकाकडे दाणा असतोच. कुणी बाजारातून ज्वारी आणून पोर सोडवेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि बाजाराशिवाय दाणा येतो कुठून, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मास्तरले कोठचं वावर," त्या म्हणाल्या. "राहू द्या. घाई काय हाय. माया घरी काही वाईट नाही त्याचं."

ते पोतं आम्ही वर्षभर खाल्लं. त्या वर्षात मला भाकरी यायला लागली, एवढाच त्याचा फायदा.

पण मला घाई होती. परसात उकिरड्याच्या पलीकडे हातरुमालाएवढी जमीन होती, काळी, नुसतं पाणी पडलं तरी फुगणारी. पाटलांनी तिच्यातही कापूस लावला होता. मी यांना म्हटलं, तेवढी जागा मागा. यांनी मागितली. पाटील म्हणाले, "कापूस उपडून जवारी पेरू? येडे झाले काय, मास्तर?" त्या वर्षी तसंच राहिलं. पुढल्या उन्हाळ्यात समुद्रापलीकडची लढाई थांबल्याची बातमी आली, भाव उतरला, आणि पाटलांचा आवाजही उतरला. मृग लागण्याआधी पाटलीणबाईंनी नवऱ्याला न विचारताच परसातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून चुलीत घातल्या. "पेर," मला म्हणाल्या.

पुण्याच्या भिक्षुकाच्या घरातली मी. मी तुळशीशिवाय काही लावलं नव्हतं. पाटलीणबाई कुंपणाशी बसून सांगायच्या, हात लावायच्या नाहीत. त्यांचा हात लागला तर ज्वारी त्यांची होईल. मी काकऱ्या पाडल्या, बी सोडलं, पायाने माती सारली. उगवलं तेव्हा तण कुठलं आणि ज्वारी कुठली हे मला कळेना, निम्मी ज्वारी मीच उपटली. त्या कपाळाला हात लावून हसत होत्या. पोर माझ्यामागे चिखलात लोळत होतं. निंदायला मी, पाणी धरायला मी, आणि कणसं धरल्यावर पाखरं हाकलायला हे. शाळा सुटली की पगडी न काढता परसात जाऊन उभे राहायचे, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात काठी, आणि पान उलटताना 'हाऽऽ' करून ओरडायचे. अंधार घालवायला आलेला माणूस चिमण्या घालवत होता. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "ही आपली ज्वारी आहे." त्या वाक्यातला आपली हा शब्द मी पदराला बांधून ठेवला.

आश्विनात यांना हुकूम आला. अकोल्याला शिक्षक तयार करायची शाळा निघत होती, तिथे दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. मी हिशेब मांडला, दिवाळीपर्यंत दाणा पिकेल. पाटलीणबाईही तेच म्हणाल्या. म्हणताना पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, या काही अडवतील, आणखी एक नियम काढतील. नाही काढला.

मग गावात तापाची साथ आली. दर वर्षी पावसाच्या शेवटी यायची, त्या वर्षी जरा जास्त आली. आमच्या आळीत पहिल्यांदा पाटलीणबाई पडल्या. ताप उतरायचा आणि दुप्पट होऊन चढायचा. आठवड्याभरात ते दणकट शरीर खाटेवर दिसेनासं झालं. मुलगे शेतावरून आले. वैद्याने पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि पाटील ओसरीच्या खांबाला धरून खाली बसले.

मी तोवर रोज आत जात होते. सोवळं कधीच सुटलं होतं, मला आठवतही नाही कुठल्या दिवशी. त्या दिवशी सकाळी त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. मला जवळ बोलावलं.

"जवारी पिकली काय?"

"नाही. दाणा दुधात आहे अजून."

"कापून आन."

"हिरवी आहे, पाटलीणबाई. सूप भरणार नाही."

"कवळीच आन. मले आता दात कोठी हायेत चावाले." त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. माझा हात धरला. कातडी तव्यासारखी तापलेली. "पोरी, मी गेलो तं माया लेकराची माय मरीन. मंग ते मायामांगं येईन. समजते का तुले? मी हावो तोवर घेऊन टाक."

मला समजलं.  ज्या घरात मरण शोधत येणार नाही म्हणून मी पोर ठेवलं होतं, त्याच घरात ते येऊन बसलं होतं. मी ओसरीवर आले. हे शाळेत निघाले होते, पगडी डोक्यावर. मी फक्त म्हटलं, "विळा." त्यांनी एक शब्द विचारला नाही. पगडी काढून खांबाशी ठेवली, विळा घेतला आणि परसात गेले. आम्ही दोघांनी मिळून ती सगळी ज्वारी कापली. हातांना हिरवा चीक लागत होता.  अंधश्रद्धा म्हणून नावं ठेवणारा माणूस, पण एक कणीस मागे ठेवलं नाही त्यांनी. एकेक वेचून सुपात घातलं.

सूप अर्धंच भरलं.

आम्ही ते खाटेपाशी नेलं. मी पोराला कडेवर घेतलं होतं. पाटलीणबाईंनी पदर पसरला, मी कणसं त्यात ओतली. त्यांनी एक दाणा काढून जिभेवर ठेवला. "गोड हाय," म्हणाल्या. मग ठरलेलं बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, दम लागत असताना: "घे वो बाई तुयं लेकरू. मोल भेटलं मले. आता मी याची कोनी नाही, हा माया कोनी नाही." आणि भिंतीकडे तोंड केलं. तशी रीत होती. एकदा विकलं की वळून पाहायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही. ओ दिली तर सौदा मोडतो.

माझ्या कडेवरच्या पोराला यातलं काय कळणार? त्याने खाटेकडे हात पसरले. "माय."

त्या हलल्या नाहीत.

"माय! माय!"

मला त्यांची पाठ दिसत होती. खांदा दिसत होता. तो खांदा प्रत्येक हाकेला उचलला जायचा आणि खाली यायचा, आणि त्यांच्या मुठीत पदराचं टोक होतं, ते त्यांनी तोंडात कोंबलं. पोर रडायला लागलं, माझ्या अंगावरून खाली सुटू पाहत होतं. मी त्याला तिथून पळवून न्यायला हवं होतं, पण मला पाऊल उचलता येईना. शेवटी यांनीच त्याला घेतलं आणि बाहेर नेलं. अंगणभर त्याच्या हाका ऐकू येत होत्या. आत त्या बाईने तोंडातून श्वाससुद्धा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. त्या वेळेपर्यंत भिंतीकडचं तोंड त्यांनी वळवलं नव्हतं.

मी सुतक धरलं. लेकीने आईचं धरावं तसं, तीन दिवस. आळीत पुण्याकडची दोन-तीन घरं होती, त्या बायकांनी मला विचारलं, कुठल्या नात्याने? कुणबिणीचं सुतक? मी म्हटलं, माझी आई लहानपणी गेली तेव्हा मला धरता आलं नव्हतं. त्या काही समजल्या नसाव्यात. यांनी तीन दिवस स्वयंपाक केला. पिठलं करपवलं, भात कच्चा ठेवला, आणि पोराला भरवताना स्वतः डोळे पुसले. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही. मुलाला काही झालं नाही. ना ताप, ना साधी सर्दी.

दिवाळी झाल्यावर अकोल्याला जायची गाडी दारात आली. या खेपेला पेटाऱ्यात एक गाठोडं जास्त होतं. परसात एका कोपऱ्यात दोन ताटं आम्हाला न दिसता राहून गेली होती, त्यांचा पिकलेला दाणा मी बियाण्याला बांधून घेतला. पाटील निरोप द्यायला बाहेर आले, पोराच्या हातात एक बत्तासा दिला आणि आत निघून गेले.  मी आमच्या खोल्यांना कुलूप लावायला मागे वळले. पोर गाडीत बसलं होतं. त्याला ती ओसरी दिसली, तो खांब, ते दार. इतके दिवस त्याने ती हाक मारली नव्हती. मला वाटलं होतं, विसरला.

"माय!"

दारातून कुणी आलं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीवान बैलांना थोपवून थांबला. पोर वाट पाहत होतं, कारण आजवर त्याच्या हाकेला ओ आली नाही असं एकदाच झालं होतं, आणि त्याला ते काही खरं वाटलं नव्हतं.  मी ओसरीवरूनच, पाटलीणबाईंच्याच आवाजात, होईल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "आलो रे राजा, आलो!" आणि कुलूप तसंच टाकून गाडीकडे धावले.